बावन्न नंबरचा तिरका ट्रान्सफॉर्मर

माझ्या मावशीला कंपनीत सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. दिवसभर ती कानाला हेडफोन लावून बसायची आणि समोरच्या उघड्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात काय चाललंय ते ऐकायची. ऐकताना डोळे मिटायची, मान जराशी डावीकडे कलती करायची आणि मग "ठीक आहे" असं इतक्या गंभीरपणे म्हणायची की पेशंटचे नातेवाईक बाहेर बाकावर बसलेत की काय असं वाटावं.

कंपनी जुनी. घरात बसून गाणी ऐकायची यंत्रं बनवणारी. मावशी तिथे एकोणिसाव्या वर्षी लागली, आणि त्याच वर्षी कंपनीने आपला सगळ्यात गाजलेला अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणला. कागदोपत्री तो 'मॉडेल बावन्न' होता. कामगारांनी पहिल्याच महिन्यात त्याचं 'बावन्नकशी' करून टाकलं. दोन्ही बाजूंना गडद लाकडाच्या फळ्या, पुढे दोन जाड गोल बटणं, बस्स. दिसायला अगदी साधा. पण त्याचं नाव झालं ते त्याच्या शांततेमुळे. रेकॉर्डवर सुई टेकली की गाणं सुरू होण्याआधी दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्या वेळात बाकीचे अ‍ॅम्प्लिफायर मागे बारीक घूं करत राहायचे. बावन्नकशी गप्प असायचा. आजही लोक जुना बावन्न मिळावा म्हणून वर्षानुवर्षं वाट बघतात, ते त्या दोन सेकंदांसाठी.

आता यंत्राचं थोडं सांगावं लागेल, पण फार नाही. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये विजेसाठी एक ट्रान्सफॉर्मर असतो. बावन्नमधला गोल होता, मोठ्या वाटीएवढा, मधोमध भोक असलेला. त्या भोकातून एकच बोल्ट घालून तो तळाच्या पत्र्यावर आवळायचा. त्याच्या तारा सरळ डब्याच्या मागच्या भिंतीकडे यायला हव्यात, असं ड्रॉइंगमध्ये काढलेलं होतं. मावशीचं काम एवढंच: ट्रान्सफॉर्मर बसवायचा, तारा सोल्डर करायच्या, वीज देऊन हेडफोनने ऐकायचं आणि वरून पत्र्याची टोपी लावून पुढच्या टेबलावर सरकवायचं.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या कानांना घूं ऐकू आलं. बारीकच, पण होतं. आणि प्रत्येक नगात होतं. एकदा बोल्ट पुरता आवळायचा राहिला आणि हाताच्या धक्क्याने ट्रान्सफॉर्मर जरासा फिरला. घूं गायब! तिने तो परत सरळ केला, घूं परत आलं. पुन्हा फिरवला, पुन्हा गायब. मग तिने पुढचा नग घेतला. त्याची जागा थोडी निराळी निघाली. प्रत्येकाची आपली आपली जागा होती. घड्याळाच्या काट्यासारखी ती मनात धरायची: ह्याचं साडेदहा, त्याचं अकराला पाच कमी.

हे कुणाला सांगायचं? बावन्नचं डिझाइन करणारे थोरले साहेब रोज कारखान्यात एक फेरी मारायचे. पण नेमकं त्याच आठवड्यात एका जुन्या कारागिराने ड्रॉइंगमधल्यापेक्षा दोन बोटं आखूड तार लावली म्हणून साहेबांनी त्याला तडकाफडकी घरी पाठवलं होतं. सगळ्यांच्या मधोमध उभे राहून म्हणाले होते, "ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग. ज्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं त्याने माझ्या खुर्चीत बसावं, नाहीतर घरी बसावं." मावशी एकोणीस वर्षांची. घरात कमावणारी ती एकटी. तिने तोंड शिवलं आणि हात चालू ठेवला. वर एकदा पत्र्याची टोपी बसली की आत सरळ काय नि तिरकं काय!

पुढची बावीस वर्षं, बावन्न बंद होईपर्यंत, तिने एकही ट्रान्सफॉर्मर ड्रॉइंगप्रमाणे बसवला नाही.

नाही म्हणायला, मधले सात आठवडे बसले ड्रॉइंगप्रमाणे. चौथ्या वर्षी मावशी जिन्यावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. तिच्या जागी बसलेल्या बाईने बिचारीने इमानेइतबारे सगळे सरळ बसवले. दोन महिन्यांनी तक्रारींची रांग लागली: बावन्न घूं करतोय. चौकशी झाली. नेमके त्याच सुमारास आतले वीज साठवणारे कपॅसिटर नव्या ठिकाणाहून घेतले होते. कपॅसिटर खराब झाला तरी अ‍ॅम्प्लिफायर घूं करतो, त्यामुळे संशयाची सुई सरळ तिकडे वळली. ते कपॅसिटर तपासून घेतले होते खरेदी विभागातल्या एका तरुणाने. कानामागे कायम पेन अडकवलेला किडकिडीत माणूस. तो परोपरीने सांगत होता की माल चांगला होता. कोण ऐकतंय! त्याची उचलबांगडी थेट गोदामात झाली.

खरी गंमत पुढे आहे, आणि मावशीला तिचंच शल्य होतं. परत आलेल्या सगळ्या नगांचे कपॅसिटर बदलले आणि ते नग पुन्हा जोडायला आले मावशीच्या टेबलावर. मनगट बरं होऊन ती तोपर्यंत कामावर आली होती. तिने कानाला हेडफोन लावला. काय झालं होतं ते तिला एका क्षणात कळलं. तिने एकेक ट्रान्सफॉर्मर फिरवला. घूं बंद. सगळे म्हणाले, बघा, कपॅसिटरच खराब होते.

ती दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा उलट्या पावली परतली. मग जे करता येण्यासारखं होतं ते तिने केलं. कॅन्टीनमध्ये त्या पेनवाल्याच्या समोर जाऊन बसायला लागली. त्याच्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं, ही बोलायची. आधी हवापाण्याचं, मग घरचं, मग आणखी कशाकशाचं. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. ते माझे काका.

आणि काकांनी ती गोष्ट सोडली नाही. चार माणसं जमली की कधी ना कधी गाडी तिथे यायचीच. "ते कपॅसिटर चांगले होते. एकेक हातात घेऊन पाहिला होता मी." हे वाक्य सुरू झालं की मावशी "दूध उतू जाईल" म्हणून आत जायची. मी लहानपणापासून पाहत आले. गॅसवर दूध नसलं तरी जायची.

गेल्या वर्षी कंपनीला पंचाहत्तर वर्षं होणार होती. त्या निमित्ताने बावन्न पुन्हा काढायचा ठरला, अगदी जुन्यासारखा. मावशी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. एका सोमवारी सकाळी फोन आला. कंपनीतली इंजिनिअर बोलत होती. "बावन्नच्या ट्रान्सफॉर्मरच्या टेबलावर तुम्हीच होतात ना? तुम्हाला थोडं विचारायचं होतं. उद्या येऊ शकाल?"

मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. मावशी जिना उतरून आली ती पांढरीफटक पडून. माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सापडले मी."

मग तिने मला हे सगळं सांगितलं, मनगटासकट, कपॅसिटरसकट. मला हसू आवरेना.

"हसतेस काय? यांना आयुष्यभर गोदामात बसवलं मी. आणि वर लग्नही केलं."

"मावशी, सत्तेचाळीस वर्षं झाली. तुला आता कोण काय करणार आहे?"

"ते मलाही कळतं गं," ती म्हणाली. "पण पोटाला कळत नाही ना."

काकांना तिने सांगितलं की मी तिला डोळे तपासायला नेतेय. दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीत गेलो. इंजिनिअर पस्तिशीची होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने आम्हाला एका लांबट खोलीत नेलं. टेबलावर दोन अ‍ॅम्प्लिफायर झाकणं काढून ठेवलेले होते.

"हा नवा," ती म्हणाली. "जुन्या ड्रॉइंगप्रमाणे, रेषेला रेष. आणि हे ऐका."

मावशीने हेडफोन लावला. डोळे मिटले, मान डावीकडे गेली. माझ्यापर्यंत काही आलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर मी ते घूं पाहिलं.

"आठ महिने झाले," इंजिनिअर म्हणाली. "तारा बदलल्या, कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर तीन ठिकाणांहून करून आणले. जात नाही. आणि हा दुसरा खरा जुना. एका हौशी माणसाकडून मागून आणला. त्याच्याकडे अगदी शांत होता. आम्ही उघडला, पुसून नीट केला, परत जोडला, तर हाही घूं करायला लागला! मी आता जादूटोण्यावर विश्वास ठेवायच्या बेतात आहे."

"नीट केला म्हणजे काय केलंत?" मावशीने विचारलं.

"विशेष काही नाही. ट्रान्सफॉर्मर फिरलेला होता. पाठवताना हलला असणार. तो सरळ केला."

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाची कड धरून म्हणाली, "तो हलला नव्हता. मी हलवला होता."

इंजिनिअरला काही उमगलं नाही. मावशीने फोड करून सांगायच्या भानगडीत न पडता पाना मागितला. जुन्याचा बोल्ट अर्धा वळसा सैल केला, हेडफोन लावला आणि तीन बोटांनी ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवायला लागली. एका जागी थांबली, केसभर मागे आली, बोल्ट आवळला. "दहाला दहा कमी," स्वतःशीच पुटपुटली आणि हेडफोन इंजिनिअरच्या हातात दिला. "आता ऐका."

इंजिनिअरने ऐकलं. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, पुन्हा ऐकलं. हेडफोन काढून त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा लावला. आणि मग ती शिकलीसवरलेली बाई चक्क फरशीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली.

"आठ महिने! घरी माझी लेक मला 'काकू' म्हणायला लागायची बाकी होती!"

मावशी मात्र तशीच ताठ उभी. "मग आता... काही कारवाई वगैरे?"

"कसली कारवाई?"

"ड्रॉइंग मोडलं ना मी. बावीस वर्षं."

इंजिनिअर उठली, तिने मावशीचे दोन्ही हात धरले आणि तिला खुर्चीवर बसवलं. "मावशी," ती म्हणाली, "तुम्ही नसतात तर ह्या मॉडेलला कुणी विचारलं नसतं. चहा घेणार की कॉफी?"

मावशीने चहा सांगितला. पण तो यायच्या आत इंजिनिअर बाहेर पळाली होती आणि थोरल्या साहेबांना घेऊन आली. मावशीला वाटत होतं ते केव्हाच गेले असतील. ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते, आणि मंगळवारचे दोन तास अजून सल्लागार म्हणून येत होते. काठी टेकत आत आले. मावशी खुर्चीतून अशी उठली, जणू सत्तेचाळीस वर्षं मधे गेलीच नव्हती.

साहेबांनी दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर ऐकले. मग मावशीला नवाही फिरवायला लावला. त्याचीही जागा सापडली. साहेबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणाला होतात, ज्याला जास्त कळतं त्याने घरी बसावं."

"मी? कधी?"

मावशीने तो कारागीर, ती आखूड तार, सगळं सांगितलं. साहेबांना काहीच आठवत नव्हतं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, मान हलवली आणि खुर्ची ओढून बसले.

"मी तेव्हा तसा होतो खरा," ते म्हणाले. "चूक माझी. आणि तुम्हाला एक सांगतो. माझ्या गणिताप्रमाणे हा अ‍ॅम्प्लिफायर इतका शांत असायलाच नको होता. मी शंभरदा मांडून पाहिलं. लोक विचारायचे, साहेब, ही शांतता कशी साधलीत? मी तासभर काहीबाही बोलायचो. भाषणं ठोकली मी त्यावर! आणि प्रत्येक वेळी धाकधूक, कोणी हात वर करून खरा प्रश्न विचारला तर? आज कळलं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "काय हलकं वाटतंय म्हणून सांगू."

चहा आला. साहेबांनी मावशीची बशी स्वतः पुढे सरकवली.

गाडीत बसल्यावर मला वाटलं मावशी आता सैलावेल. ती पट्टा घट्ट धरून बसली होती. "खरं काम अजून व्हायचंय," ती म्हणाली. "मी बोलेपर्यंत तू वर थांब. नाहीतर मी परत दुधाकडे जाईन."

दुपारचे चार वाजले होते. काका बाल्कनीत पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. "काय म्हणाले डोळ्यांचे डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"डोळे ठीक आहेत," मावशी म्हणाली. "अहो, ते कपॅसिटर चांगले होते."

काकांनी पेन खाली ठेवलं. मावशीने उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगितलं. आजचं, तेव्हाचं, मनगटाचं, कॅन्टीनचं. ती थांबल्यावर काका म्हणाले, "चांगले होते?"

"चांगले होते."

"सगळे?"

"सगळे."

"आणि बेचाळीस वर्षं तू ऐकत राहिलीस आणि दूध बघायला गेलीस!"

"हो."

"दूध नसायचंच!"

"नसायचंच."

मी हळूच दाराकडे सरकले. मावशीने मागे न बघता "बस" म्हटलं. काकांचा चेहरा लाल झाला होता. पण पुढे जे विचारलं ते अगदी हळू आवाजात.

"मग माझ्याशी लग्न केलंस ते... त्याची भरपाई म्हणून?"

मावशीने खरोखर विचार केला. खोटं बोलायची तिची हौस त्या दिवशी पुरती फिटली होती. "पहिले दोन महिने दया होती," ती म्हणाली. "पुढचं तुमचं तुम्ही कमावलंत."

काका उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघी बाल्कनीत बसून राहिलो. खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवत होतं. मावशी पेपराची घडी घालत होती आणि पुन्हा मोडत होती. चांगली वीस मिनिटं गेली.

दार उघडलं. काकांनी तोंड धुतलेलं दिसत होतं. ते मावशीच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि घसा साफ केला.

"मलाही एक सांगायचंय," ते म्हणाले. "मला गोदाम आवडायचं."

"काय?"

"खरेदीत रोज दहा माणसं डोकं खायची. हा दर का नाही, तो माल का नाही. रात्री दात खायचो मी. गोदामात गेलो आणि दुसऱ्याच आठवड्यात वाटलं, सुटलो! शांत जागा, सगळं आपापल्या फळीवर. पण अन्याय झालेल्या माणसाने खूश दिसून कसं चालेल? म्हणून मग ते कपॅसिटर, कपॅसिटर..."

मावशीने पेपर बाजूला ठेवला. "म्हणजे मी बेचाळीस वर्षं उगाच झुरत होते?"

"अगदीच उगाच नाही," काका म्हणाले. "कपॅसिटर चांगलेच होते ना!"

तेव्हा मावशीचा जीव भांड्यात पडला. ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदमच करायला लागली. काका तिला "अगं, पुरे" म्हणत राहिले आणि त्यांचाही आवाज धड नव्हता. मी खाली माझ्या घरी निघून आले, कारण आता मला कुणी बस म्हणत नव्हतं.

महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. अमुक वर्षीच्या कपॅसिटरमध्ये कोणताही दोष नव्हता, तत्कालीन खरेदी कर्मचाऱ्याची तपासणी बिनचूक होती, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. खाली सही थोरल्या साहेबांची. काकांनी ते पत्र मला, शेजाऱ्यांना आणि फोनवरून परगावच्या तीन जुन्या सहकाऱ्यांना वाचून दाखवलं. एकाला ऐकू कमी येतं, त्याला दोनदा.

मावशी पुढचे चार महिने आठवड्यातून तीन दिवस कंपनीत जात होती. टेबलावर आता नव्या चार मुली होत्या. त्यांना तिने कानाने जागा शोधायला शिकवलं. एकीला मोजायच्या यंत्राने ती जागा लवकर सापडायची. मावशी म्हणाली, "तुझ्या सोयीने कर, फक्त शेवटी एकदा कानाने विचार." ड्रॉइंगही बदललं. तारा मागे सरळ दाखवणारी रेघ काढून टाकली आणि तिथे लिहिलं, 'प्रत्येक नग ऐकून फिरवावा.' तो कागद हातात आला तेव्हा मावशीने चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि परत दिला.

पहिला तयार नग ऐकायला कंपनीने आम्हा तिघांना बोलावलं. जाड गालिच्याची खोली, भिंतीला कापड, समोर दोन उंच स्पीकर. इंजिनिअरने रेकॉर्ड लावली, सुई टेकवली. दोन सेकंद काहीच आलं नाही. थोरले साहेब काठीवर हनुवटी ठेवून त्या काहीच नसलेल्या आवाजाकडे कान लावून बसले होते. मग एका बाईचा आवाज खोलीत आला, अगदी जवळ, आपल्याच शेजारी बसून गातेय असा.

दुसरं गाणं संपत आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मावशी झोपलीय. सोफ्याच्या कोपऱ्यात मान टाकून, तोंड किंचित उघडं, अगदी गाढ. मी तिला हलवायला हात पुढे केला तर काकांनी तो धरला. इंजिनिअरने आवाज थोडा कमी केला आणि रेकॉर्डची दुसरी बाजू लावली.